व्यायामशाळेचे दार कोणासाठी?

मनमाड हे गाव ओझ्यावर जगते, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये. मुंबई, भुसावळ, दौंड आणि छत्रपती संभाजीनगर या चारही दिशांचे लोहमार्ग येथे एकत्र येतात. 1906 सालापासून येथे रेल्वेचा अभियांत्रिकी कारखाना आहे आणि पुलांसाठी लागणारे लोखंडी गर्डर त्यात तयार होतात. अन्न महामंडळाच्या गोदामांतून धान्याची पोती माणसांच्या पाठीवरून चढतात व उतरतात. पाणीटंचाईसाठी हे गाव अनेक दशके ओळखले गेले, आणि डोक्यावर हंडा व कमरेवर कळशी घेऊन चालणाऱ्या बायका हे त्याचे परिचित चित्र होते. अशा गावात अंगातल्या बळाला मान असावा, यात नवल नाही. जय भवानी व्यायामशाळेसारख्या ठिकाणी वजने उचलणाऱ्या मुलामुलींनी मनमाडचे नाव गावाबाहेर नेले. 2022 साली मेक्सिकोतील लिऑन येथे झालेल्या जागतिक युवा वेटलिफ्टिंग स्पर्धेत मनमाडच्या आकांक्षा व्यवहारे हिने 40 किलो वजनी गटात रौप्यपदक मिळवले, तेव्हा अवघ्या गावाची मान उंचावली.

बळाची अशी कदर करणाऱ्या गावात एका लहानशा गटाच्या बळाचा विचार मात्र क्वचितच होतो. डाउन सिंड्रोम घेऊन जन्मलेली मुले हा तो गट होय. शाळेच्या वयात ती थोडीफार दिसतात. अठरा वर्षे उलटली की ती घराच्या ओट्यावर वा दूरचित्रवाणीसमोर बसलेली आढळतात. त्यांना कोणी व्यायामशाळेत नेत नाही, मैदानावर बोलावत नाही, आणि न बोलावण्यात आपले काही चुकते आहे असेही कोणाला वाटत नाही. दर वर्षी 21 मार्चला जागतिक डाउन सिंड्रोम दिन पाळला जातो. संयुक्त राष्ट्रांनी 2011 साली त्यास मान्यता दिली. त्या दिवशी सहानुभूतीचे शब्द पुष्कळ उच्चारले जातात. त्या शब्दांच्या जोडीला आठवड्यातून दोन तासांचा व्यायाम मिळाला, तर या मुलांच्या आयुष्यात काय फरक पडेल, याचा विचार अधिक उपयोगी ठरेल.

एका गुणसूत्राचा फरक

इंग्लंडमधील डॉक्टर जॉन लँग्डन डाउन यांनी 1866 साली या अवस्थेचे पहिले व्यवस्थित वर्णन केले. तिचे कारण कळण्यास पुढे जवळजवळ शतक लोटावे लागले. 1959 साली फ्रान्समधील जेरोम लेज्यून व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, या व्यक्तींच्या पेशींत एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनांऐवजी तीन प्रती असतात. एकवीस व तीन हे दोन आकडे जोडून 21 मार्च ही तारीख निवडली गेली. आईने गरोदरपणी काय खाल्ले, ग्रहणात काय केले, कोणाची दृष्ट लागली, यांपैकी कशाचाही याच्याशी संबंध नाही. सुमारे 800 ते 1000 जन्मांमागे एक या प्रमाणात जगातील सर्व देशांत, सर्व जातिधर्मांत व सर्व आर्थिक थरांत ही मुले जन्माला येतात. आईच्या वयाबरोबर शक्यता वाढते हे खरे. तथापि बहुतेक बाळंतपणे तरुण वयात होत असल्याने तरुण मातांच्या पोटीही अशी मुले मोठ्या संख्येने जन्मतात.

या जादा गुणसूत्राचा परिणाम केवळ बुद्धीवर होतो, असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात तो सर्वांगावर होतो. स्नायू मुळातच शिथिल असतात, सांधे बांधणारे अस्थिबंध सैल असतात, तोल सावरण्यास अवधी लागतो. सुमारे निम्म्या मुलांना जन्मतः हृदयदोष असतो. थायरॉइडची उणीव या गटात इतरांपेक्षा पुष्कळ अधिक आढळते आणि वजन सहज वाढते. अतिश्रमाच्या वेळी इतरांचे हृदय ज्या गतीने धावते, ती गती यांचे हृदय गाठत नाही. साहजिकच दम लवकर लागतो. दम लागला की मूल खाली बसते. ते बसले की घरचे म्हणतात, ‘राहू दे, त्याला झेपत नाही.’ न झेपल्याने बसणे आणि बसल्याने आणखी न झेपणे, असे हे दुष्टचक्र आहे. यातील पहिला भाग निसर्गाचा असला तरी दुसरा माणसांनी घातलेला आहे, आणि तो माणसांना मोडता येण्याजोगा आहे.

वाढलेल्या आयुष्याचा प्रश्न

पूर्वीच्या काळी हा प्रश्न एवढ्या तीव्रतेने उभा राहत नसे, कारण ही मुले फार जगतच नसत. अमेरिकेसारख्या संपन्न देशातही 1983 च्या सुमारास डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीचे सरासरी आयुर्मान 25 वर्षांच्या आसपास होते. हृदयावरील शस्त्रक्रिया, प्रतिजैविके आणि संस्थांत डांबण्याऐवजी घरी वाढवण्याची पद्धत यांमुळे ते आज तेथे 60 वर्षांच्या घरात गेले आहे. आपल्याकडेही वाटचाल त्याच दिशेने आहे. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची जी तपासणी होते, तीत डाउन सिंड्रोम व जन्मजात हृदयदोष या दोहोंचा समावेश आहे. जी मुले पूर्वी पाळण्यातच जात, ती आता वाढतील, तरुण होतील, प्रौढ होतील.

आयुष्याची वर्षे वाढली. त्या वर्षांत अंगात त्राण किती असणार, हा आताचा प्रश्न आहे. डाउन सिंड्रोममध्ये वार्धक्य लवकर गाठते. चाळिशी-पन्नाशीत स्मृतिभ्रंशाची लक्षणे दिसू लागण्याचा धोका इतरांहून कितीतरी मोठा असतो. म्हणजे पंधरा ते तीस हा काळ बळ साठवण्याचा मोलाचा काळ ठरतो. त्या काळात पायांत, पाठीत व छातीत जेवढे बळ साठेल, तेवढ्यावर पुढची वर्षे काढावयाची आहेत. नेमक्या याच काळात शाळा सुटते आणि शाळेबरोबर होणारी थोडीशी हालचालही सुटते.

या प्रश्नाची दुसरी बाजू आईवडिलांची आहे. मूल वीस वर्षांचे होते तेव्हा आई पंचेचाळीस-पन्नाशीला आलेली असते. पाच वर्षांच्या मुलास कडेवर घेऊन जिना चढणारी आई पंचवीस वर्षांच्या, ऐंशी किलो वजनाच्या मुलाला न्हाणीघरातून उठवू शकत नाही. ‘आमच्या पश्चात याचे कसे होणार?’ हा प्रत्येक पालकाच्या मनातील प्रश्न मालमत्तेचा आहे, तसाच तो गुडघ्यांचाही आहे. स्वतःच्या पायांवर उठणारा, स्वतः आंघोळ करणारा, दोन मजले चढणारा भाऊ सांभाळणे आणि अंथरुणाला खिळलेला भाऊ सांभाळणे, यांत पुढच्या पिढीच्या दृष्टीने फार मोठे अंतर आहे. घरातील या विनामूल्य श्रमांची नोंद राष्ट्रीय उत्पन्नात होत नाही, म्हणून त्यांची किंमत शून्य ठरत नाही.

प्रयोग काय सांगतात

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे नोरा शील्ड्स, निकोलस टेलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी याविषयी काही नेटके प्रयोग केले. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात डाउन सिंड्रोम असलेले 68 युवक-युवती होते. त्यांतील निम्म्यांना आठवड्यातून दोनदा, दहा आठवडे, वस्तीतल्या सर्वसाधारण व्यायामशाळेत वजने उचलण्याचा व्यायाम देण्यात आला. प्रत्येकाच्या सोबतीला भौतिकोपचाराचा एक विद्यार्थी होता. उरलेल्या निम्म्यांना तशीच सोबत मिळाली. मात्र व्यायाम नव्हे, तर करमणुकीच्या गोष्टी मिळाल्या. दहा आठवड्यांनंतर व्यायाम करणाऱ्यांच्या हातापायांतील बळ स्पष्टपणे वाढलेले आढळले आणि काही महिन्यांनंतरही त्यांची दैनंदिन हालचाल अधिक राहिली. पेट्या उचलून ठेवण्यासारख्या कामांच्या चाचणीत मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. हा निष्कर्ष दडवण्याचे कारण नाही. दहा आठवड्यांच्या व्यायामाने कोणी कुशल कामगार होत नाही. बळ वाढते आणि हालचालीची सवय लागते, एवढे मात्र सिद्ध होते. तेवढेही थोडे नाही.

विद्यार्थ्यांना सोबतीला घेण्याची ही कल्पना तशी जुनीच आहे. अमेरिकेत युनिस केनेडी श्रायव्हर यांनी 1962 साली आपल्या घराच्या आवारात बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी उन्हाळी शिबिर भरवले, तेव्हा शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थीच त्या मुलांचे सोबती होते. त्या शिबिरातून जी प्रेरणा निर्माण झाली, तिचे रूपांतर 1968 साली शिकागो येथील पहिल्या ‘स्पेशल ऑलिंपिक्स’ स्पर्धांत झाले. 2023 साली बर्लिन येथे झालेल्या या स्पर्धांत भारतीय चमूने 202 पदके मिळवली. 2020 साली अमेरिकेतील ख्रिस निकिक या तरुणाने पोहणे, सायकल व धावणे यांची मिळून सुमारे 226 किलोमीटरची ‘आयर्नमॅन’ शर्यत पुरी केली. डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीने ती पुरी करण्याची ही पहिलीच वेळ होती. अशी उदाहरणे डोळे दिपवतात; तथापि त्यांच्यावरून सर्वांची अपेक्षा ठरवणे अन्यायाचे होईल. ज्या गावात एकाने जागतिक पदक मिळवले, त्या गावातील प्रत्येक मुलाने पदक मिळवावे अशी अपेक्षा कोणी करीत नाही. प्रत्येकाला तालमीत जाता यावे, एवढी मात्र करता येते.

महाराष्ट्राला याचे वावडे असण्याचे कारणही नाही. प्रत्येक गावात मारुतीचे देऊळ आणि त्याच्या जवळपास तालीम, ही येथील परंपरा आहे. मुंबईच्या शिवाजी पार्कवरील श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांनी मल्लखांब दिव्यांगांपर्यंत नेला. 2024 साली त्यांना पद्मश्री मिळाली. नाशिकमध्ये रजनी लिमये यांनी 1977 साली बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी ‘प्रबोधिनी’ सुरू केली आणि अशी मुले शिकू शकतात, हे जिल्ह्याला दाखवून दिले. शिकण्याचे दार जिल्ह्याच्या ठिकाणी पन्नास वर्षांपूर्वी उघडले. तालमीचे दार तालुक्याच्या गावांत उघडावयाचे आहे.

भीती आणि खबरदारी

‘काही झाले तर जबाबदार कोण?’ ही व्यायामशाळाचालकांची शंका रास्त आहे. तिला उत्तर वैद्यकशास्त्राने दिले आहे. डाउन सिंड्रोम असलेल्या काही व्यक्तींमध्ये मानेच्या पहिल्या दोन मणक्यांचा सांधा सैल असतो. त्यातून प्रत्यक्ष त्रास थोड्यांनाच होतो, पण झाल्यास तो गंभीर असतो. म्हणून कोलांटी, शीर्षासन, डोक्यावर भार येणाऱ्या उड्या, मानेला झटका देणारे कुस्तीचे डाव यांना डॉक्टरांच्या स्पष्ट संमतीवाचून थारा देऊ नये. चालण्यात अचानक बदल, हातापायांतील शक्ती कमी होणे, मान दुखणे वा वाकडी होणे, लघवी-शौचावरील ताबा सुटणे, यांपैकी काहीही दिसल्यास व्यायाम तत्काळ थांबवून डॉक्टरांना दाखवावे. आरंभी हृदयाची तपासणी झालेली असावी आणि थायरॉइडची तपासणी नियमाने होत असावी. ‘220 वजा वय’ हे नाडीच्या ठोक्यांचे प्रचलित गणित या मुलांना लावू नये. त्यांचे हृदय तेवढी गती घेत नाही. चालताना बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, एवढा जोर पुरेसा मानावा.

एवढी पथ्ये पाळली की व्यायाम साधाच आहे. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून काढलेले जोर, पायरी चढणे-उतरणे, वाळूची पिशवी जमिनीवरून उचलून फळीवर ठेवणे, भरभर चालणे, एवढ्यानेही आरंभ होतो. दहा-बारा वेळा कष्टाने उचलता येईल एवढे वजन घ्यावे आणि बारा वेळा सहज उचलले गेले की ते थोडे वाढवावे, हाच नियम विश्वविक्रम करणाऱ्यालाही लागू आहे. ही मुले ऐकून शिकण्यापेक्षा पाहून अधिक चांगली शिकतात. म्हणून लांबलचक सूचना देण्याऐवजी करून दाखवणारा सोबती हवा. ज्या महाराष्ट्रात शाळाशाळांतून लेझीम खेळली जाते, तेथे ताल, तोल, दम आणि समूहाचा आनंद एकत्र देणारे साधन शोधण्यास परदेशी जाण्याची गरज नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली दिलेल्या मार्गदर्शनात दिव्यांगांचा स्वतंत्र विचार केला आहे. मुलांसाठी दिवसाला सरासरी 60 मिनिटे आणि प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम, हे माप तीत दिव्यांगांनाही लागू केले आहे. त्याचबरोबर थोडी हालचाल ही मुळीच नसण्यापेक्षा बरी, असेही सांगितले आहे. येथे एक इशारा आवश्यक आहे. केवळ व्यायामाने वजन भराभर उतरेल, अशी आशा बाळगू नये. ‘बिचाऱ्याला दुसरे सुख ते काय?’ असे म्हणून हातात दिले जाणारे फरसाण, बिस्किटे व मिठाई आवरल्याखेरीज काटा फारसा हलणार नाही. प्रेमापोटी दिलेला तो घास पुढे त्याच लेकराच्या गुडघ्यांवर भार होऊन बसतो.

मनमाडचा हिशेब

आता प्रश्न उरतो खर्चाचा. 2011 च्या जनगणनेनुसार मनमाडची लोकसंख्या सुमारे 80 हजार होती. जन्मदर हजारी 15 च्या आसपास धरला तर वर्षाला सुमारे 1200 जन्म होतात. म्हणजे डाउन सिंड्रोम असलेले सरासरी एखादे मूल. बालपणीचे मृत्यू वजा जाता 15 ते 30 या वयोगटात अशी दहा ते वीस मुलेमुली गावात असावीत, असा अंदाज करता येतो. संख्या लहान आहे म्हणून त्यांचा प्रश्न कोणाच्या कार्यक्रमपत्रिकेवर येत नाही. परंतु संख्या लहान आहे म्हणूनच तो सुटण्याजोगाही आहे. शहराच्या पाणीप्रश्नासाठी कोट्यवधी रुपये लागतात. येथे हवी एक खोली, काही वजने आणि वीस सोबती.

व्यायामशाळा पहाटे व संध्याकाळी गजबजलेल्या असतात. मधल्या वेळी तेथील वजने नुसती पडून असतात. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर ही निष्क्रिय क्षमता होय, आणि तिचा वापर करण्यास जवळजवळ काहीच जादा खर्च येत नाही. राहिले सोबती. 1969 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत प्रत्येक स्वयंसेवक विद्यार्थ्याने वर्षाला 120 तास सेवा द्यावी, अशी अपेक्षा असते. आठवड्यातून दोनदा एक तास, असे दहा आठवडे, म्हणजे वीस तास झाले. वर्षाच्या सेवेचा सहावा हिस्सा. एका महाविद्यालयातील वीस विद्यार्थ्यांनी हा सहावा हिस्सा दिला तर गावातील या वयाच्या प्रत्येक मुलाला स्वतःचा एक सोबती मिळतो. पुढच्या दहा आठवड्यांत दुसरे वीस विद्यार्थी येतील. त्यांना दोन दिवसांचे प्रशिक्षण देण्यास भौतिकोपचारतज्ज्ञ नाशिकहून बोलावता येईल. वीस कुटुंबांनी नाशिकला जाण्यापेक्षा एका तज्ज्ञाने मनमाडला येणे केव्हाही स्वस्त. रेल्वे भाड्यात बौद्धिक दिव्यांगास व त्याच्या सोबत्यास 75 टक्के सवलत देते हे खरे. परंतु रोजंदारीवरील बापाचे आठवड्याला दोन खाडे पडतात, त्यांवर सवलत नसते.

पैशाची तरतूदही कागदावर आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मान्य केले आणि त्याच्या तिसाव्या कलमाने क्रीडा-सुविधांत दिव्यांगांना सहभाग मिळवून देण्याचे कर्तव्य सरकारवर टाकले. महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या निधीतील 5 टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी राखून ठेवावी, असा शासनाचा आदेश आहे. या रकमेतून साहाय्यवाटप होते ते योग्यच. पण एखाद्या प्रशिक्षकाचे मानधन, आरंभीची हृदयतपासणी आणि विम्याचा हप्ता यांसाठी तिचा अल्प अंश पुरेसा होईल. नगरपालिकेच्या सभेत याविषयीचा ठराव मांडण्यास कोणाची आडकाठी असण्याचे कारण दिसत नाही.

‘धडधाकट मुलांनाच मैदाने पुरत नाहीत, तेथे यांचे काय?’ असा युक्तिवाद काही जण करतील. मैदाने अपुरी आहेत हे मान्य. परंतु टंचाईच्या काळात टँकरचे पाणी वाटताना, ज्याला रांगेत उभे राहता येत नाही त्याच्या घागरीत पाणी घालू नये, असा नियम मनमाडने कधी केला नाही. बळकटांनी आपली पाळी संपल्यावर जी वजने जमिनीवर ठेवली, ती दुपारच्या रिकाम्या तासात दुसऱ्या कोणी उचलली तर कोणाच्याही वाट्यातून काही कमी होत नाही.

यात लाभ एकाच बाजूचा होईल असेही नाही. बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असलेला विद्यार्थी वीस तास एका तरुणाच्या शेजारी उभा राहून त्याच्या बैठका मोजतो, तेव्हा ‘हे वेगळे लोक’ ही त्याच्या मनातील समजूत टिकत नाही. उद्या तोच विद्यार्थी बँकेत कारकून होईल, शाळेत शिक्षक होईल, रेल्वेच्या खिडकीवर बसेल. तेव्हा समोर आलेल्या आईला आणि तिच्या मुलाला तो कसे वागवील, हे त्या वीस तासांत ठरलेले असेल. जूनमध्ये महाविद्यालये उघडतात. सोबत्यांची यादी करणे, व्यायामशाळेशी बोलणे, डॉक्टरांकडून तपासण्या करून घेणे आणि घरोघरी जाऊन त्या वीस कुटुंबांचा शोध घेणे, एवढे काम तोवर होण्यासारखे आहे. शेवटचे काम सर्वांत अवघड आहे, कारण ही मुले घराबाहेर फारशी दिसतच नाहीत. तेव्हा आरंभ तेथूनच झाला पाहिजे.